पोराला अडवून ठेवू नका, आणि कुठंही ढकलूही नका: लहान लीगच्या क्लबवाल्यांना खुलं पत्र

लहान लीगमधल्या फुटबॉल क्लबांचे मालक, चेअरमन, स्पोर्टिंग डायरेक्टर आणि दर ट्रान्सफर विंडोला, म्हणजे खेळाडू विकत घ्यायच्या-द्यायच्या काळात, "पोरगा अजून तयार नाही" असं सांगणारी सगळी मंडळी,

नमस्कार.

पत्र लांब होणार आहे, सवडीनं वाचा. मी कुठल्या क्लबचा पगारी माणूस नाही, एजंट तर अजिबात नाही, मॅचेस बघणारा माणूस आहे आणि गेली बरीच वर्षं एकच प्रकार परत परत बघून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

तुमच्या प्रत्येकाच्या टीममध्ये एक पोरगा असतो. एकोणीस-वीस वर्षांचा. बॉल त्याच्या पायात आला की समोरचा फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, आपोआप दोन पावलं मागं सरकतो, स्टँडातले लोक उठून उभे राहतात, आणि मॅन ऑफ द मॅच कोण हे नव्वद मिनिटं व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. तुम्ही खुश. कोच खुश. आता दोन-तीन सीझन टेन्शन नाही असं म्हणून तुम्ही त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवता, पगार थोडा चढवता, कॅप्टनचा पट्टा देता आणि ऑफर आली की "पुढच्या वर्षी बघू".

माझं भांडण इथंच आहे. ज्या दिवशी त्याला तुमची लीग सोपी जायला लागली त्या दिवसापासून त्याचं शिकणं थांबलंय. तो अजून चांगला दिसतोय, गोलही करतोय, पण चांगला होत नाहीये, आणि हा फरक तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही त्याला त्याच त्याच डिफेंडरांच्या समोर बघताय. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, तसं. आणि तुमचा पोरगा लंगडा नाहीये हो, तो खरंच चांगला आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

मोठ्या लीगमध्ये जाऊन नक्की काय बदलतं यावर लोक फार गुळगुळीत बोलतात. "एक्सपोजर मिळतं", "अनुभव मिळतो". अरे म्हणजे काय मिळतं? माझ्या मते सगळ्यात मोठा बदल एकच आहे, वेळ कमी होतो. तुमच्याकडं त्याला पास मिळतो, तो बॉल थांबवतो, मान वर करतो, बघतो, मग ठरवतो. एवढं सगळं करायला त्याला जागा मिळते. जरा वरच्या लीगमध्ये गेला की दुसऱ्या टचला कुणीतरी अंगावर असतं आणि तिसरा टच घ्यायची वेळ बहुतेकदा येतच नाही. म्हणजे बघायचं काम बॉल यायच्या आधीच उरकावं लागतं, खांद्यावरून मागं दोनदा नजर टाकून ठेवायची, अंग अर्धं उघडं ठेवून उभं राहायचं, पहिला टच असा घ्यायचा की प्रेस करायला, म्हणजे बॉल हिसकवायला, आलेला माणूस बाजूला पडला पाहिजे. हे सगळं तुमचा कोच पण सांगत असेल, ओरडून सांगत असेल. पण त्याला ते करायची गरजच पडत नाही, न करता चालतंय, मग कशाला करेल? तिकडं पहिल्या महिन्यात पाच वेळा बॉल हिसकावून घेतला गेला की सहाव्या वेळी मान आपोआप फिरते.

दुसरी गोष्ट चुकीची किंमत. कमकुवत लीगमध्ये चुका माफ होतात. मिडफिल्डमध्ये आडवा पास चुकला, समोरच्यानं घेतला, तीन पावलं पळाला आणि परत तुमच्याच माणसाला देऊन टाकला. कुणाच्या लक्षातही राहत नाही. वरच्या लीगमध्ये तोच पास म्हणजे आठ-दहा सेकंदांत गोल, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ रूममध्ये सगळ्यांसमोर तीच क्लिप. डिफेंडरच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. डिफेंडर व्हर्जिल व्हॅन डाइक 2013 मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनहून स्कॉटलंडच्या सेल्टिकला गेला, दोन सीझन खेळला, दोन्ही वर्षी लीग जिंकले, आणि बहुतेक मॅचेसमध्ये बॉल समोरच्याच अर्ध्यात असायचा. अशा टीममध्ये सेंटर बॅकची, म्हणजे मधल्या डिफेंडरची, परीक्षा कोण घेणार? 2015 ला तो इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनला गेला, म्हणजे टायटल जिंकणाऱ्या टीममधनं निघून मधल्या फळीतल्या टीममध्ये आला. कागदावर बघितलं तर खाली आल्यासारखं वाटतं ना? पण दर आठवड्याला तगडे स्ट्रायकर अंगावर यायला लागले, टीम मागं ढकलली जायला लागली, नव्वद मिनिटं डोकं जागेवर ठेवावं लागलं. 2018 च्या जानेवारीत लिव्हरपूलनं त्याच्यासाठी साडेसात कोटी पाउंड मोजले, तेव्हा डिफेंडरसाठीचा तो जगातला सगळ्यात मोठा आकडा होता, आणि दीड वर्षात त्याच्या हातात चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, कप होता.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, तुम्हाला आवडणार नाही. तुमच्याकडं तो राजा आहे. सगळे बॉल त्याच्याकडं, फ्री किक त्याची, पेनल्टी त्याची, आणि बॉल गेला तर मागं पळायची जबाबदारी दुसऱ्याची. त्यामुळं अर्धा खेळ तो शिकलेलाच नसतो. वर गेला की तिथं असे राजे आठ-दहा असतात. मग बॉल नसताना काय करायचं, दुसऱ्यासाठी जागा कशी रिकामी करायची, बॉल गेल्यावर पहिले पाच सेकंद कसं तुटून पडायचं, हे शिकावं लागतं नाहीतर बेंच. आणि कधी कधी तिथला कोच त्याच्यात असं काही बघतो जे तुम्हाला बघून परवडलंच नसतं. अल्फोन्सो डेव्हिस कॅनडातल्या व्हँकूव्हरहून 2019 च्या जानेवारीत जर्मनीच्या बायर्नला गेला तो विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा, म्हणून. त्याच वर्षी डिफेन्समध्ये दुखापतींची रांग लागली म्हणून त्याला लेफ्ट बॅकला टाकलं आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला 8-2 हाणलं त्या मॅचमध्ये त्यानं डाव्या बाजूनं घुसून किमिखला जो गोल वाढून दिला तो बघितला नसेल तर आत्ता बघा, पत्र नंतर वाचा. त्याच सीझनला चॅम्पियन्स लीग जिंकले. आता सांगा, तुमच्या टीमचा सगळ्यात वेगवान विंगर तुम्ही कधी मागं डिफेन्समध्ये खेळवला असता का? शक्यच नाही, तुम्हाला शनिवारची मॅच जिंकायची असते.

ट्रेनिंगचं पण तेच. मॅच आठवड्यातनं एक किंवा दोन, बाकी दिवस सराव. तुमच्याकडं सरावात त्याच्यासमोर कोण असतं? तुमचाच बॅकअप फुलबॅक, जो त्याला लागू नये म्हणून जपून टॅकल करतो. तिकडं सरावात समोर देशाकडून खेळणारा माणूस असतो आणि त्याला तुमच्या पोराची जागा हवी असते. हा रोजचा त्रास कुठल्याही स्पेशल कॅम्पनं भरून निघत नाही.

आणि हो, दुसरा सीझन. यावर कुणी बोलत नाही. पहिले काही महिने नवीन पोरगा चमकतो कारण कुणाला माहीतच नसतं तो काय करतो. मग अॅनालिस्ट लोक त्याच्या सगळ्या क्लिपा काढतात, तो डावीकडून आत येतो आणि उजव्या पायानं मारतो हे कळतं, आणि मग प्रत्येक टीम दोन माणसं लावून आतली वाट बंद करते. तिथून पुढं जो दुसरी युक्ती शोधतो तो मोठा होतो, जो नाही शोधत तो "एका सीझनचा हिरो". तुमच्या लीगमध्ये ही दुसरी युक्ती शोधायची वेळच येत नाही कारण पहिलीच कुणाला थांबवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बरं, मग मोठ्या क्लबची ऑफर आली की लगेच सोडून देतो, मोकळा करतो. थांबा! इथं दुसरं भांडण सुरू होतं. कारण तुमच्यातले अर्धे लोक पोराला अडवतात आणि उरलेले अर्धे सगळ्यात मोठा चेक देणाऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळे होतात. मजबूत लीग आपणहून काही शिकवत नाही. जो मैदानात असतो तोच शिकतो. बेंचवर बसून मोठी लीग बघायला मिळते, टीव्हीवर बघण्यापेक्षा जरा जवळून, एवढंच.

मार्टिन ओडेगार्डचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. पंधराव्या वर्षी नॉर्वेच्या सीनियर टीमकडून खेळलेला पोरगा, अख्खा युरोप मागं लागलेला, 2015 च्या जानेवारीत सोळा वर्षांचा असताना रेआल माद्रिदनं घेतला. जगातला सगळ्यात मोठा क्लब, बरोबर? पण तो खेळत होता कुठं, तर माद्रिदच्या बी टीममधनं, स्पेनच्या तिसऱ्या पातळीवर. म्हणजे क्लब वरचा आणि रोजची मॅच खालची. पहिल्या टीमचा सराव, बी टीमच्या मॅचेस, ना इकडचा ना तिकडचा. आणि लोकांनी काय केलं, अठरा वर्षांच्या पोराला "संपला" म्हणून टाकलं. मग 2017 पासून त्यानं हळूहळू वाट धरली, हेरेनवेन, मग व्हिटेसे, दोन्ही नेदरलँड्समधले मध्यम क्लब जिथं तो दर आठवड्याला खेळला, मग 2019-20 ला रेआल सोसिएदाद, म्हणजे स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये मेन माणूस म्हणून. त्याच सीझनला कपच्या मॅचमध्ये माद्रिदच्याच मैदानावर जाऊन 4-3 नं त्यांना बाहेर काढलं आणि पहिला गोल कुणाचा, ओडेगार्डचा. 2021 मध्ये आर्सेनल, 2022 ला कॅप्टन. पोरगा तोच, पाय तेच. फरक पडला तो दर आठवड्याला खेळायला मिळाल्यामुळं, आणि त्यासाठी त्याला माद्रिदमधनं बाहेर पडून एकेक पायरी चढावी लागली.

डी ब्रॉयना आणि सालाह तर सगळ्यांना पाठ आहेत. दोघंही इंग्लंडच्या चेल्सीत बेंचवर बसले. डी ब्रॉयना 2012-13 ला जर्मनीच्या ब्रेमेनला लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, गेला तेव्हा दहा गोल मारले, परत आला तर जागा नाही, मग 2014 च्या जानेवारीत वोल्फ्सबर्गला गेला आणि दीड वर्षात जर्मनीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सालाह इटलीत फिओरेंटिना, मग रोमा, आणि 2017 ला इंग्लंडात परत येऊन पहिल्याच सीझनला तिथल्या पहिल्या लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, 32 गोल. दोघांनाही "झेपलं नाही" म्हणणाऱ्यांची तोंडं नंतर बघण्यासारखी झाली असतील. मुद्दा हा की दोघं त्यावेळी वाईट नव्हते, खेळत नव्हते. आणि या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत कारण ते बाहेर निघाले. जे निघू शकले नाहीत त्यांची नावं मी इथं लिहू शकत नाही, कारण ती कुणाला आठवतच नाहीत.

याच्या उलट एकेक पायरी चढलेले बघा. कांते 2012-13 मध्ये बुलोनकडून फ्रान्सच्या तिसऱ्या पातळीवर खेळत होता. पुढच्या सीझनला काँ नावाच्या क्लबात दुसरी लीग, टीम वर चढली तर त्याच्या पुढच्या सीझनला पहिली लीग, मग 2015 ला इंग्लंडात लेस्टर. 2016 ला तिथं प्रीमियर लीग जिंकली, 2017 ला चेल्सीकडून परत जिंकली, 2018 ला वर्ल्ड कप. पाच वर्षांत तिसऱ्या लीगमधून जगज्जेता, पण मधली एकही पायरी गाळलेली नाही आणि प्रत्येक पायरीवर तो खेळला. सादिओ माने मेत्झ, साल्झबर्ग, साउथहॅम्प्टन, लिव्हरपूल, तसंच.

आणि हालांड. त्याचं लोक नेहमी अर्धंच सांगतात. नॉर्वेच्या मोल्डेहून 2019 च्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गला गेला हे सांगतात, पण पहिले सहा महिने तिथं त्याला जवळपास खेळवलंच नाही हे कुणी सांगत नाही. सराव, अंग कमावणं, त्यांच्या प्रेसिंगची पद्धत शिकणं, एवढंच चाललं होतं. मग पुढच्या सीझनला अर्ध्याच वर्षात सगळ्या स्पर्धा मिळून 22 मॅचेसमध्ये 28 गोल, चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये हॅटट्रिक. 2020 च्या जानेवारीत जर्मनीचं डॉर्टमुंड, पहिल्या मॅचमध्ये सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून आला आणि तिथंही हॅटट्रिक. तुम्ही म्हणाल आत्ताच तर बेंचवर बसू नये म्हणालास. हो म्हणालो. पण सहा महिने ठरवून, प्लॅन करून थांबणं वेगळं आणि तीन वर्षं कुणी न विचारता पडून राहणं वेगळं. क्लबनं पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे की या महिन्यापर्यंत तू हे शिकणार आणि त्यानंतर तुझी जागा ही. असा प्लॅन ज्याच्याकडं आहे त्याला विका. ज्याच्याकडं नुसतं मोठं नाव आहे त्याचं दुरून डोंगर साजरे.

ऑस्ट्रेलियाची स्ट्रायकर सॅम कर, तिचं पण बघा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोन्हीकडं गोलांचा पाऊस पाडून 2020 च्या जानेवारीत चेल्सीच्या महिला टीममध्ये आली तेव्हा सुरुवातीला गोल सहजासहजी येईनात. पुढच्या पूर्ण सीझनला लीगमध्ये 21 गोल आणि टॉप स्कोअरर. ही तर आधीच जगातल्या सगळ्यात मोठ्या स्ट्रायकरपैकी एक होती, तिलाही वेळ लागला. मग तुमच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं तिसऱ्या मॅचला गोल नाही मारला म्हणून "बघा, आम्ही म्हणतच होतो" करणाऱ्यांना काय म्हणावं. पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं.

अजून एक, मजबूत लीग म्हणजे रँकिंगमध्ये वर असलेली लीग असंच नसतं. पोराला काय कमी आहे ते बघा आणि ते जिथं मिळेल तिथं पाठवा. मोड्रिच अठरा वर्षांचा, किरकोळ अंगाचा असताना क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबनं त्याला 2003 मध्ये बोस्नियाच्या झ्रिन्स्की मोस्तारला लोनवर पाठवलं. बोस्नियाची लीग काही क्रोएशियाच्या वर नव्हती. पण दांडगी होती, अंगावर येणारी होती, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं, मोठ्या माणसांमध्ये लाथा खात खेळणं. तिथं तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला मिळालेल्या 2018 च्या बॅलन डी'ऑरच्या, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाच्या, गप्पा मारताना लोक मोस्तारचं नाव घेत नाहीत, मला तर ते सगळ्यात आधी आठवतं.

तुमची कारणं मला माहीत आहेत. पहिलं, "तो गेला तर टीम कोसळेल". कोसळेल कदाचित, एक सीझन. पण त्याच्या मागं सतरा वर्षांचा दुसरा उभा असतो ज्याला तुम्ही त्याच्यामुळं खेळवत नव्हता.

दुसरं, पैसे. यावर मी जास्त बोलणार नाही कारण हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो, तरी एक आठवण करून देतो. कॉन्ट्रॅक्ट चालू असताना पोरगा दुसऱ्या देशात विकला गेला की फिफाच्या सॉलिडॅरिटी नियमाप्रमाणं ट्रान्सफर फीमधले 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात, बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक सीझनला पाव टक्का आणि सोळा ते तेवीसपर्यंत प्रत्येकी अर्धा टक्का. आणि हे एकदाच नाही, पुढच्या प्रत्येक अशा विक्रीला. म्हणजे बाराव्या ते अठराव्या वर्षापर्यंत पोरगा तुमच्याकडं वाढला असेल तर तुमचा वाटा अडीच टक्के, आणि तो कधीतरी दोन कोटी युरोला विकला गेला तर बसल्या जागी पाच लाख युरो. वर सेल-ऑन क्लॉज, म्हणजे पुढच्या विक्रीतला ठरावीक वाटा आपल्याला अशी अट, घातला तर वेगळे, व्हॅन डाइक लिव्हरपूलला गेला तेव्हा सेल्टिकला त्यातनंच मिळाले. पण हे मोठे आकडे कधी येतात? पोरगा पुढं जाऊन मोठा झाला तर. म्हणजे तो जिथं खेळेल अशा क्लबला थोड्या कमी पैशात विकणं हे तुमच्याच फायद्याचं आहे. जास्त पैसे घेऊन बेंचवर पाठवला तर पहिला चेक शेवटचाच.

तिसरं कारण, "अजून एक वर्ष". युरोपियन कोर्टाचा बॉसमन निकाल 1995 चा आहे हो, कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणूस फुकट जातो आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो उघडपणे दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो. एक वर्ष एक वर्ष करत तुम्ही त्याला नाराज करता, तो सही करत नाही, मग तुम्ही त्याला शिक्षा म्हणून राखीव टीममध्ये टाकता आणि शेवटी तेलही गेलं तूपही गेलं. पोराचं एक वर्ष गेलं ते कुणी धरतच नाही. वीस ते एकवीस हे वर्ष परत मिळत नाही, त्या वयात जे पटकन शिकलं जातं ते सव्विसाव्या वर्षी शिकायला फार जड जातं.

याचा अर्थ सोळा वर्षांच्या पोरांना विमानात बसवा असा घेऊ नका. अठराच्या आत दुसऱ्या देशात ट्रान्सफर फिफाला मान्यच नाही, काही ठरावीक अपवाद सोडून, आणि नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. फ्रेडी अडू चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये खेळला, अठराव्या वर्षी बेनफिकाला गेला, आणि मग क्लबमागून क्लब, देशामागून देश. टॅलेंट कमी होतं असं मला नाही वाटत. कुठंच मूळ धरायला वेळ मिळाला नाही. घाई आणि उशीर दोन्हीनं पोरगा वाया जातो.

फेडरेशनवाल्यांनाही एक शब्द, कारण तुम्ही पण यात आहात. "चांगले खेळाडू बाहेर गेले तर आपली लीग कमजोर होईल, नॅशनल टीमचं काय?" जपानकडं बघा. 1998 ला पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले तेव्हा 22 चे 22 खेळाडू घरच्या लीगमधले. तीन मॅचेस, तीन पराभव. तिथून त्याच टीममधला नाकाता इटलीच्या पेरुजियाला गेला, पहिल्याच मॅचमध्ये युव्हेंटसविरुद्ध दोन गोल मारले आणि मागच्या पोरांना दिसलं की हे जमतं. 2022 च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये 26 पैकी 19 जण युरोपातल्या क्लबांत होते. जर्मनीला 2-1 हरवलं, स्पेनला 2-1. आणि गोल कुणी मारले ते बघा, दोआन फ्रायबर्गचा, असानो बोखुमचा, तानाका तर जर्मनीच्या दुसऱ्या लीगमधल्या ड्युसेलडॉर्फचा. यातला एकही बार्सिलोना किंवा बायर्नचा नाही. मधल्या क्लबांत, जिथं दर आठवड्याला झगडून खेळावं लागतं, तिथं घडलेली माणसं. स्पेनविरुद्ध बाहेर जाणारा बॉल लाईनवरनं आत ढकलून तानाकाला गोल वाढून दिला तो मितोमा, जपानच्या कावासाकीहून इंग्लंडच्या ब्रायटननं घेतला पण आधी एक सीझन बेल्जियमच्या युनियन सेंट-जिल्वाजला लोनवर पाठवला, मग इंग्लंडात आणला. हा असा मधला थांबा किती जण देतात? आणि एवढं सगळं होऊन जपानची घरची लीग बंद पडली नाही, उलट तिथली पोरं आता जायचंय म्हणून जास्त जोरात खेळतात.

मग मागणी काय माझी. पोराबरोबर कॉन्ट्रॅक्ट करतानाच ठरवा की अमुक रक्कम आली, अमुक पातळीच्या लीगमधून आली, तर आम्ही अडवणार नाही. रक्कम परवडेल अशी ठेवा, कुणी देऊच शकणार नाही असा आकडा लिहून पोराला फसवू नका. विकताना सेल-ऑन घ्या, आणि जमलं तर फीमधला काही भाग तो किती मॅचेस खेळतो यावर बांधा, म्हणजे घेणाऱ्या क्लबच्या मनात काय आहे ते तिथंच कळेल. ज्याला खेळवायचंय तो अशा अटीला घाबरत नाही. जायच्या आधी सहा महिने त्याला तिथली भाषा शिकवा, निदान मैदानावरची, "मागं माणूस आहे", "सोड", "वळ" एवढी तरी. आणि गेल्यावर महिन्यातनं एकदा कुणीतरी फोन करा, कॉन्ट्रॅक्टबद्दल नाही, सहजच. हे शेवटचं कुठल्याही नियमात नाही म्हणून कुणी करत नाही.

फॅन्सना मी वेगळं लिहीन, जाणाऱ्या पोराला गद्दार म्हणणाऱ्यांशी माझं बरंच बोलायचं बाकी आहे.

सध्या तुमच्या टेबलावर एखादी ऑफर पडली असेल तर आकडा बघायच्या आधी त्या क्लबच्या कोचला फोन लावा. डायरेक्टरला नाही, कोचलाच. आणि विचारा, आमच्या पोराच्या जागेवर तुमच्याकडं आत्ता कोण खेळतो, त्याचं वय किती, त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, आणि आमच्या पोराच्याच वयाचे अजून किती जण तुम्ही या वर्षात घेतलेत. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते पण मोजा.

कळावे,
स्टँडात बसून ओरडणारा एक मॅचवेडा